ऊद, गिटार आणि जात्यावरची चाल

गिटार म्हटले की आमच्या बीड जिल्ह्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे सिनेमातला नायक उभा राहतो. हे वाद्य परके, साहेबी आणि कॉलेजच्या स्नेहसंमेलनापुरते, असा आमच्या मोहल्ल्यांतला एकंदर समज आहे. मौलवीसाहेबांना ते नको असते आणि भजनी मंडळालाही नको असते. निदान या एका बाबतीत दोघांचे एकमत आहे. आम्हांला मात्र या वाद्याच्या इतिहासात आपल्या घरातली बरीच भांडी सापडतात, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. सितार आणि गिटार या दोन्हींत ‘तार’ आहे, म्हणून ती सख्खी भावंडे, असे पुष्कळ जण हौसेने सांगतात. ते खरे नाही. सितार हा शब्द फारसी ‘सेहतार’ म्हणजे तीन तारा यावरून आला. गिटारचे मूळ ग्रीक ‘किथारा’ या शब्दात आहे. अरबीत त्याचे ‘कीतारा’ झाले आणि स्पॅनिशमध्ये ‘गितार्रा’. नाते आहे, पण ते नावात नसून प्रवासात आहे. अरबांचे ‘अल्-ऊद’, म्हणजे लाकूड, हे वाद्य अंदलुसमार्गे युरोपात गेले आणि तिथे त्याचे ‘ल्यूट’ झाले. सन ८२२ मध्ये झिरयाब नावाचा गवई बगदाद सोडून कुर्तुब्यास आला. त्याने उदाला पाचवी तार चढवली आणि लाकडी नखीऐवजी गरुडाच्या पिसाची नखी वापरली, असे अरबी इतिहासकार सांगतात. पुढे तेराव्या शतकात कास्तीयाचा राजा दहावा अल्फोन्सो याने मरियमच्या स्तुतिगीतांची एक सचित्र पोथी करवून घेतली. तिच्यातल्या चित्रांत वादकांच्या जोड्या आहेत आणि एका चित्रात तर मुसलमान व ख्रिस्ती वादक शेजारी शेजारी बसून वाजवत आहेत. चौदाव्या शतकातल्या एका स्पॅनिश काव्यात ‘मूर गिटार’ आणि ‘लॅटिन गिटार’ अशी दोन वाद्ये वेगवेगळी सांगितली आहेत. आजची गिटार उदाची थेट लेक नव्हे. तिची पाठ सपाट आहे, गळ्यावर पडदे आहेत, आणि आजचा आकार तर एकोणिसाव्या शतकात आल्मेरियाच्या तोर्रेस या कारागिराने दिला. पण ती वाढली त्या घरात उद होता, एवढे नक्की.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी देवगिरीला आणली आणि तिचे नाव दौलताबाद ठेवले. बीडहून हा किल्ला सुमारे दीडशे किलोमीटर. बीडचा आणि या सुलतानाचा संबंध शाळेतल्या पोरांनाही माहीत असतो, पण तो दातापुरता. सुलतानाचा दात इथे दुखला, काढला आणि समारंभाने पुरला. फरिश्त्याने हे लिहून ठेवले आहे आणि त्या दाताची घुमटी आजही बीडजवळ आहे. दाताची गोष्ट सांगताना आम्ही हसतो आणि पुढे जातो. त्या सुलतानाबरोबर जी माणसे दक्षिणेत उतरली, त्यांच्यात गाणारे-वाजवणारे किती होते, याचा विचार मात्र कोणी करीत नाही.

तो विचार एका परदेशी माणसाने केला. इब्न बतूता. तो दौलताबादेस आला तेव्हा त्याने तिथे गवय्यांचा आणि गाणाऱ्या स्त्रियांचा स्वतंत्र बाजार पाहिला. त्या बाजाराचे नाव ‘तरबाबाद’, म्हणजे आनंदाची वस्ती. प्रत्येक दुकानात गालिचे, मध्ये झोपाळ्यासारखी बैठक, तिच्यावर सजून बसलेली गायिका. बाजाराच्या मधोमध एक घुमटी. दर जुमेरातीला असरच्या नमाजानंतर गवय्यांचा मुख्य तिथे येऊन बसे आणि गायिकांचे ताफे एकामागून एक येऊन मगरिबपर्यंत गात. आणि याच बाजारात मशिदी होत्या, रमजानमध्ये तिथे तरावीह होत असे, हेही तो तितक्याच सहजपणे लिहितो. इब्न बतूता स्वतः काझी होता, शरीयतीच्या बाबतीत कडक होता. मालदीवमध्ये बायकांच्या पेहरावावरून तो लोकांशी भांडला. तरबाबादबद्दल मात्र त्याने नाक मुरडल्याचे दिसत नाही. उलट जगातल्या सुंदर आणि मोठ्या बाजारांत तो त्याची गणना करतो.

याचा अर्थ असा नव्हे की त्या काळी वाद्यांबद्दल वाद नव्हता. होता, आणि जोरात होता. इमाम गझालींनी समा मान्य केला, पण तारवाद्ये दारूबाजांच्या मैफलींची निशाणी म्हणून वर्ज्य ठरवली. खुद्द हजरत निजामुद्दीन औलियांच्या समामध्ये मजामीर, म्हणजे वाद्ये, चालत नसत. त्यांची वचने ज्या ‘फवाइदुल फुआद’ ग्रंथात आहेत, तो लिहिणारा अमीर हसन सिजझी तुघलकाबरोबर दौलताबादेस आला आणि इथेच, खुलताबादेत, मातीआड झाला. त्याच खुलताबादेत हजरत बुरहानुद्दीन गरीब आहेत. ते १३३७ मध्ये वारले. समाचा त्यांना इतका ध्यास, की त्यांच्या मुरीदांच्या झुलण्याच्या पद्धतीला लोक त्यांच्याच नावाने ओळखू लागले. म्हणजे एका डोंगराच्या पायथ्याशी तरबाबाद, वर वाद्य नको म्हणणाऱ्यांचे पुस्तक आणि मध्ये सुरात हरवलेले दरवेश. या वादाचा निकाल आम्ही लावणार नाही. तो आमचा अधिकार नाही. परंतु संगीत आमच्याकडे बाहेरून, सिनेमातून आले, असे जे आज बोलले जाते, ते इतिहासाला धरून नाही.

वाद्यांवर वाद झाला तरी एका ठिकाणी तो कधी पोचला नाही. ते ठिकाण म्हणजे जाते. विजापूरच्या सूफींनी दखनीत ‘चक्कीनामे’ आणि ‘चरखानामे’ रचले. रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरील आपल्या १९७८ च्या ग्रंथात त्यांची सविस्तर चर्चा केली आहे. जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ, दळताना अल्लाचे नाव, असा तो सगळा थाट. मोठमोठे अरबी-फारसी ग्रंथ ज्यांच्यापर्यंत कधी जाणार नव्हते, त्या बायकांपर्यंत धर्म या वाटेने गेला. आणि चाल? बाई जे जाते ओढत होती, त्याच जात्याची. शेजारच्या वाड्यात मराठी ओवी चालली असेल तर तिची आणि हिची लय वेगळी असणे शक्यच नाही. दगड तोच, हाताचा फेरा तोच. आमच्या घराघरांत नानी-दादी दळताना दखनी आणि मराठी एकाच दमात म्हणत. एका ओळीत विठोबा आला म्हणून कोणी जाते थांबवले नाही. शेख महंमदांसारखा मोठा मराठी संतकवी याच मातीतला. त्यांचे मूळ गाव बीड जिल्ह्यातले वाहिरे, कर्मभूमी श्रीगोंदे, ‘योगसंग्राम’ त्यांचा. त्यांनी मराठीत लिहिले आणि दखनी-हिंदीतही. भाषेचा प्रश्न आमच्या परिषदांत आज जितका गाजतो, तितका तो तेव्हा गाजत नसावा.

शब्दांचे नशीब थोरच म्हणायचे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० नंतर गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या आणि त्यांची संख्या एक लाखावर गेली. बर्नार बेल यांनी पुढे त्यांतल्या काही ध्वनिमुद्रित केल्या. १९९६ च्या एप्रिलमध्ये ही मंडळी आमच्या माजलगावच्या भीमनगरात आली होती आणि तिथल्या बायकांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या. आज हा ठेवा ‘पारी’ने सांभाळला आहे. पण एकंदरीत पाहिले तर शब्द कागदावर आले आणि चाली राहून गेल्या. पिठाची गिरणी आली, जाते परसात पालथे पडले. चक्कीनाम्यांचे शब्द हस्तलिखितांत आहेत. ते बीडकडच्या बायका कोणत्या सुरात म्हणत, हे सांगू शकणाऱ्या म्हाताऱ्या आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या.

इथे गिटार पुन्हा येते, आणि येते ती इब्न बतूताच्या गावाहून. तो जन्मला टँजिअरला, मोरोक्कोत, १३०४ साली. बरोबर त्याच गावात १९६० नंतरच्या एक-दोन वर्षांत डेव्ही ग्रॅहम नावाचा एक इंग्रज तरुण गिटार घेऊन पोचला. आई गयानाची, बाप स्कॉटलंडचा. तिथल्या उदवादकांबरोबर वाजवायचे तर आपली गिटार आडवी येते, असे त्याच्या ध्यानात आले. नेहमीच्या जुळवणीत सुरांचे ठरीव पुंजके करण्याची सोय असते. एक स्वर धरून त्यावर चाल फिरवण्याची नसते. म्हणून त्याने तीन तारा उतरवल्या. जाडपासून बारीकपर्यंत जी नवी जुळवणी झाली, ती आपल्या भाषेत सांगायची तर सा-प-सा-म-प-सा. वाचकांपैकी ज्यांनी तंबोरा जवळून ऐकला आहे, त्यांना अधिक सांगायला नको. या जुळवणीत गांधार नाही. त्यामुळे तो कोमल घ्यायचा की शुद्ध, हे चालीवर सोपवलेले राहते. या गिटारवर ग्रॅहमने एका जुन्या आयरिश लोकगीताची चाल शब्दांवाचून वाजवली आणि त्या ध्वनिमुद्रणाच्या नावात चक्क ‘राग’ हा शब्द घातला. त्याच्या मागून जॉन रेनबोर्नने १९७० मध्ये चौदाव्या शतकातले इटालियन नाच साध्या लाकडी गिटारवर आणले. पुढे पिएर बेन्सुसान या फ्रेंच वादकाने ग्रॅहमची ही जुळवणी आयुष्यभरासाठी पत्करली. त्याचा जन्म अल्जीरियातल्या ओरानचा. स्पेनच्या पाको दे लुसियाने १९९० च्या आपल्या तबकडीला नावच झिरयाबचे दिले. ज्या उदाच्या घरात गिटार वाढली, तिथे ती अशी हजार-अकराशे वर्षांनी परत पाहुणी गेली.

युरोपातल्या या वादकांनी गाणाऱ्याचा धर्म, बोली, गाव बाजूला ठेवून चाल उचलली, असा एक आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. शब्द गेले की गाणाऱ्या बाईचे दुःखही थोडे जाते. परंतु आमच्या बाबतीत शब्द छापलेले आहेतच. जाते आहे ती चाल.

वाद्य गिटारच हवे असा आमचा हट्ट नाही. आमच्याकडे तारा घडवणारी माणसे आहेत. मिरजेत सतार आणि तंबोरे बनवणारी घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारांना धार लावणाऱ्यांची. फरीदसाहेबांपासून दीड शतकाहून अधिक काळ हे काम चालू आहे आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पेशवाईतला आमचा लावणीकार सगनभाऊ हाही शिकलगारच होता, हे जाता जाता सांगून ठेवतो. आणि त्याच्या फडातले तुणतुणे म्हणजे तरी काय? लाकडाचे पोकळ भांडे, खाली कातडे, एक तार आणि एक खुंटी. पोवाडा गाणारा शाहीर त्यावर चाल वाजवीत नाही, नुसता स्वर धरून ठेवतो.

पण गिटार आज बीडच्या, अंबाजोगाईच्या, परळीच्या पोरांच्या हातात आहे. मिरजेचा तंबोरा त्यांच्या हातात नाही. ती पोरे मोबाइलवर पाहून इंग्रजी गाणी बसवतात. त्यांच्यापैकी एखाद्याने तीन तारा उतरवाव्यात आणि आपल्या नानीपाशी बसावे. काम अवघड नाही. जात्यावरची चाल फार पसरत नाही, चार-पाच स्वरांत फिरते आणि दर फेऱ्याला खाली येऊन टेकते. षड्ज वेगळा लावावा लागत नाही. दगडाची घरघर तो धरूनच असते, आणि ग्रॅहमच्या जुळवणीत तीन तारा तेवढ्याच कामाला मोकळ्या आहेत. नानीला गिटारशी देणेघेणे नसेल. पोराने चाल चुकवली तर मात्र ती लगेच टोकेल.