वायरीतली जरी

२००४ सालची गोष्ट. सेनगावच्या आमच्या घरात अम्मी आठ दिवस कुणाशी धड बोलेना. तिला ऐकू कमी यायचं. पोलक्याला शिवून घेतलेल्या खिशात कानाचं मशीन, त्यातून वर आलेली वायर आणि कानात बोंडाएवढा रिसीव्हर, असा तिचा थाट असे. हाक मारली की ती नुसती बघायची. आम्हाला वाटलं, रुसली. तिला वाटत होतं, घरच्यांनी तिच्याशी बोलणं सोडलं. शहरातल्या एका मोठ्या दुकानात मशीन नेलं, तर ते न उघडताच ‘नवं घ्या’ म्हणाले. शेवटी गावातल्याच एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्यानं वायर पिनेजवळ दोन बोटांत धरून वाकवली, रिसीव्हर कानाला लावला आणि म्हणाला, “भाई, मशीन ठणठणीत आहे. वायर आतून तुटलीय.”

मी म्हटलं, डाग देऊन टाका. तो हसला. वायरीचं साल सोलून दाखवलं. आत एक दोरा आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली चकाकती पट्टी. “याला डाग बसत नाही. दोरा जळतो. वायरच बदलावी लागते.”

तो तुकडा मी घरी आणला. अम्मीचा निम्मा जन्म ओढण्यांना गोटा-किनार लावण्यात गेलेला. तिनं तो नखानं उकलला आणि म्हणाली, “ये तो जरी है की!”

तिचं म्हणणं अगदी खरं होतं. आपल्या मराठवाड्यातल्या पैठणीच्या पदरातली जर अशीच तयार होते. धातूची तार बारीक ओढायची, चपटी करायची आणि धाग्याभोवती गुंडाळायची. कानाच्या वायरीतही तेच. कारण साधं आहे. कुंपणाची तार पकड नसली तर आपण हातानं मागं-पुढं वाकवून तोडतो. वाकवता वाकवता धातू कडक होतो आणि तडकतो. पण कागदासारखी पातळ पट्टी मळसूत्रासारखी गुंडाळली की वाकण्याचा ताण तिला फारसा बसत नाही, आणि ओढ लागली तर ती दोरा सोसतो.

ही युक्ती टेलिफोनच्या जमान्यातली. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं १८८२ च्या जानेवारीत, कलकत्ता आणि मद्रासच्या बरोबरच. अशा एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर दिवसभर दोऱ्या उपसायचे आणि दुसऱ्या भोकात खोचायचे. साधी तार तिथं कशी टिकणार? त्या दोरीच्या टोकाची पाव इंची पिन आजही मोठ्या हेडफोनला असते. आपल्या ओळखीची साडेतीन मिलिमीटरची पिन हे तिचंच धाकटं भावंड.

पुढं १९१० च्या सुमारास अमेरिकेत युटामधल्या नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या माणसानं घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार केले आणि ते तिथल्या नौदलानं घेतले. आपल्याकडे २३ जुलै १९२७ ला मुंबईचं केंद्र सुरू झालं तेव्हा साधा श्रोता क्रिस्टल सेटवर ऐकायचा. त्याला ना वीज, ना बॅटरी. हवेतून एरियलवर जेवढं येईल तेवढंच. त्यामुळं स्पीकरची गोष्टच नको, हेडफोन डोक्याला लावून बसायचं. त्या हेडफोनच्या वेटोळ्यात केसासारखी तार असे आणि तिचा विरोध हजारो ओहम. बाहेरच्या दोरीचा एखादा ओहम त्यात कुठल्या कुठे. दोरीकडून अपेक्षा एकच, तुटू नये.

आज बाजार वेगळं सांगतो. पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा मध्यंतरी विचारत होता, “मामू, चांदीचा मुलामा दिलेली वायर घेऊ का? आवाज खुलतो म्हणतात.” किंमत ऐकली तर हेडफोनपेक्षा जास्त! चांदी तांब्यापेक्षा वीज अधिक सुलभपणे वाहून नेते हे खरं, पण फरक जेमतेम सहा टक्क्यांचा. तेवढ्यासाठी चांदी कशाला, तांबं किंचित जाड घेतलं की भागलं. बत्तीस ओहमचा हेडफोन धरा. वायरीनं अर्धा ओहम खाल्ला, तरी आवाज एक दशांश डेसिबलच्या आसपास उतरतो. एवढा फरक कानाला कळत नाही. आवाजाची कळ केसभर फिरवली की तो भरून निघतो. काही महागड्या इअरफोनमध्ये एका कानात तीन-चार बारके रिसीव्हर असतात आणि त्यांचा विरोध काही सुरांना अगदी थोडा होतो. तिथं वायर बदलल्यानं आवाजाचा तोल जरासा हलू शकतो. पण हललेला तोल म्हणजे सुधारलेला तोल नव्हे. चांदी दिसली की माणसाला आवाजही रुपेरी वाटू लागतो, यात मला नवल वाटत नाही. शब्दांच्या बाबतीत आम्ही कवीही तेच करतो.

मग मुद्दाम करून घेतलेली वायर घेऊच नये का? घ्यावी की. टीव्हीपासून खाटेपर्यंत लांब हवी असेल, मानेला घासते म्हणून मऊ हवी असेल, पिन आडवी हवी असेल, तर त्याचे पैसे जरूर मोजावेत. पण त्याआधी एक गोष्ट पाहावी, वायर निघते का. १९७९ साली वॉकमन आला आणि त्यानंतर कानात वायर घालून फिरणाऱ्यांची पिढीच तयार झाली. पण स्वस्त इअरफोनची वायर आतच चिकटवलेली. ती तुटली की सगळंच कचऱ्यात. दुरुस्त करायचं तर लाल-हिरव्या रोगणाच्या केसाएवढ्या तारा आगपेटीनं जाळून रोगण काढावं लागतं, तेव्हा कुठे डाग धरतो. कानाचं मशीन करणाऱ्यांनी मात्र वायर दोन्ही टोकांना पिना लावून सुटी ठेवली, कारण ती तुटणार हे त्यांना ठाऊक होतं.

अम्मीची नवी वायर शंभराच्या आत आली. पिना खोचल्या, कळ फिरवली. ती काही क्षण गप्प राहिली. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाली, “कुकर की शिट्टी हो गई, उतारो ना कोई!”

भाच्यानं शेवटी साधीच वायर घेतली, पण दोन घेतल्या.