कारागृहातून सुटलेल्या स्त्रीचे घर : लंडन ते केडगाव

शिक्षा संपवून बाहेर पडलेल्या पुरुषाची घरचे लोक बहुधा वाट पाहत असतात. स्त्रीच्या बाबतीत मात्र माहेर व सासर ही दोन्ही दारे अनेकदा एकाच वेळी बंद होतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये या प्रश्नाची प्रथम गांभीर्याने दखल घेतली गेली आणि अशा स्त्रियांसाठी आश्रयगृहे निघाली. त्यांतील एकाचा धागा आपल्या पुणे जिल्ह्यापर्यंत पोहोचतो.

यांपैकी सर्वांत प्रसिद्ध गृह म्हणजे लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातील युरेनिया कॉटेज. अँजेला बर्डेट-कूट्स या धनाढ्य बाईंनी पैसा पुरविला आणि कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांनी १८४७ पासून सुमारे दहा वर्षे कारभार पाहिला. तुरुंगातून, अनाथालयांतून व रस्त्यावरून आलेल्या सुमारे तेरा स्त्रिया तेथे एका वेळी राहत. स्वयंपाक, शिवण, वाचन, लेखन शिकत. कोणी कोणाचा पूर्वेतिहास विचारायचा नाही, असा दंडक होता. कपडेही कैद्यांसारखे एकसुरी नसून रंगीत असत. १८५३ मध्ये डिकन्स यांनी लिहिलेल्या हिशेबाप्रमाणे तोवर तीस जणी परदेशी चांगल्या नोकरीस लागल्या होत्या व त्यांतील सात विवाहित झाल्या होत्या. मात्र सुधारलेल्या स्त्रीने ऑस्ट्रेलियासारख्या दूर देशी जावे, हीच अट होती. तिच्या स्वतःच्या गावात तिला जागा मिळेल, असे त्या थोर लेखकालाही वाटले नाही!

आपल्या ख्रिस्तसभेतील गुड शेफर्ड धर्मभगिनींनीही १८४१ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ येथे असे कार्य आरंभिले. या इतिहासाची काळी बाजू आम्ही झाकू इच्छित नाही. आयर्लंडमधील धर्मभगिनींच्या मॅग्डलेन धुलाईगृहांत असंख्य स्त्रियांना कोंडून विनावेतन राबविले गेले. त्यांत न्यायालयांनी धाडलेल्याही होत्या. त्याबद्दल २०१३ मध्ये आयरिश पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली. आश्रयगृहाचे दार आतून उघडता येते की नाही, यावर सारे अवलंबून असते.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, त्या वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींकडे. तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. भगिनींनी त्यांना काही काळ लंडनच्या फुलहॅम भागातील आपल्या शाखेत पाठविले. तेथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांचे संगोपन होई. एकेकाळी तेथे आश्रयास आलेल्या काही जणी आता स्वतः रुग्णांची सेवा करीत आहेत, हे पाहून रमाबाई थक्क झाल्या. ‘पतित’ स्त्रीवर कोणी दया करावी, हे त्यांनी मायदेशी कधी पाहिले नव्हते. याचे कारण विचारता एका भगिनीने योहानकृत शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखविली. रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात हा प्रसंग आवर्जून नोंदविला आहे.

पिंपरीहून पुणे स्थानक गाठून दौंडकडील गाडीत बसले की केडगाव लागते. १८९६-९७ च्या दुष्काळानंतर रमाबाईंनी तेथे मुक्ती सदन उभारले आणि त्याच परिसरात फुलहॅमच्या धर्तीवर कृपा सदन काढले. ते खास सुटलेल्या कैद्यांसाठी नव्हते, तर कलंक लागलेल्या कोणत्याही स्त्रीसाठी होते. मुक्तीमध्ये शेती, विणकाम, गोशाळा व छापखाना चालत असे. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथेच छापले गेले. येथे स्त्रीला देशांतर करावे लागत नव्हते, हा आमच्या मते युरेनिया कॉटेजहून मोठाच फरक होय.

येरवड्याच्या महिला कारागृहातून सुटणाऱ्या स्त्रीपुढचा प्रश्न आजही तोच आहे. चाकणच्या कारखान्यात काम मागायला गेल्यास अनेकदा पोलीस पडताळणीचा दाखला मागितला जातो. केंद्र सरकारच्या स्वाधार योजनेत, कुटुंबाचा आधार नसलेल्या सुटलेल्या महिला कैद्यांचा स्पष्ट उल्लेख होता. २०२२ पासून ही गृहे ‘शक्ती सदन’ या नावाखाली आणली गेली आहेत. आपल्या धर्मग्रामात अशी कोणी भगिनी असल्यास १८१ या महिला मदतवाहिनीवर किंवा जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे चौकशी करता येते.