वारा, भिंत आणि बांधणी

मालवणच्या किनाऱ्यावर वाऱ्याशीं झुंजण्याच्या दोन रीती दिसतात. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग आहे. १६६४ सालीं शिवछत्रपतींनीं त्याचा पाया घातला आणि १६६७ सालीं तो पुरा झाला. त्याचा तट सुमारें ३० फूट उंच व १२ फूट रुंद. तो आपल्या भारानेंच वाऱ्यास पुरून उरतो. परंतु एवढा दगड रयतेच्या घरास कोठून मिळावा? माडांच्या आडोशाच्या गरीब घरानें दुसरी रीत पत्करली. ती लांकडाच्या सांगाड्याची.

जमिनींत रोवलेले खांब, त्यांच्यामध्यें काठ्या-कामट्यांचा कूड आणि वर शेणमातीचा लेप, अशी ही भिंत. येथें वारा सोसणारी माती नव्हे. कूड वाऱ्याचा दाब खांबांकडे पोंचवितो, खांब तो जमिनीस व माथ्यावरील तुळईस देतात. छप्पर खालपर्यंत उतरलेलें असल्यानें उघडी भिंत थोडीच राहते.

या ठेंगणेपणास कोणी दैन्य म्हणूं नये. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा दाब चौपट होतो. भिंतीची उंची दुप्पट केली, तर प्रत्येक खांबास वांकविणारा जोर तेवढ्याच वाऱ्यांत चौपट होतो, आणि तोच खांब सोळापट वांकतो. म्हणून भिंत उंच न्यावयाची तर वाऱ्याच्या दिशेनें लांकूड अधिक रुंद हवें, खांब जवळजवळ हवेत, अथवा मध्यें माळ्याचा आधार हवा.

हें गणित थोरामोठ्यांसही किंमत देऊनच शिकावें लागलें. २८ डिसेंबर १८७९ रोजीं स्कॉटलंडांतील टे नदीचा पूल वादळांत आगगाडीसह कोसळला. त्याच्या आंखणींत वाऱ्याच्या दाबाचा पुरेसा विचार झालेला नव्हता. पुढें १८९० सालीं खुला झालेला फोर्थचा पूल दर चौरस फुटास ५६ पौंड दाब धरून बांधला गेला.

मालवणच्या किनाऱ्याची परीक्षा १६ मे २०२१ रोजीं झाली. तौक्ते चक्रीवादळ समुद्रांतून उत्तरेकडे जात असतां मालवण, देवगड, वेंगुर्लें या भागांत माड उन्मळले आणि अनेक घरांचीं छपरें उडालीं. वारा समोरच्या भिंतीस ढकलतो, तसाच छपरास वर ओढतो. छप्पर गेलें म्हणजे केवळ आडोसा गेला असें नव्हे. भिंतीच्या माथ्याचा आधार जातो. मग ती पायथ्याच्याच बळावर उभी राहते, आणि तेवढ्याच वाऱ्यांत तिच्यावरील वांकविणारा जोर चौपट होतो.

म्हणून घराचें बळ खांबाच्या जाडीइतकेंच सांध्यांत असतें. वासा तुळईस, तुळई खांबास आणि खांब जमिनीस घट्ट जखडलेला पाहिजे. या सांखळींतील एक कडी ढिली राहिली, तर बाकीच्या मजबुतीचा उपयोग नाहीं. तट भारानें टिकतो. घर बांधणीनें टिकतें.