गाणे आणि गाण्याचा प्रसंग : स्वतंत्र चित्रपटातील गीतसमूहाचा एक उपनगरी इतिहास

१

मराठीतील चित्रपटगीतांची समीक्षा बहुतांशी गीतकार, संगीतकार आणि गायक या तिघांभोवती फिरत आली आहे. चालीचे रागाशी असलेले नाते, शब्द आणि स्वर यांचा मेळ, गळ्याची जात ही तिची परिमाणे होत. ती निरुपयोगी नाहीत. परंतु एका विशिष्ट निर्मितिव्यवस्थेतून ती आली आहेत, याचा सहसा विसर पडतो. व्यावसायिक चित्रपटात गाणे चित्रपटासाठी रचले जाते, ध्वनिमुद्रणगृहात घडवले जाते आणि बहुधा चित्रपटाच्या आधी बाजारात येऊन त्याच्यासाठी श्रोता तयार करते. अशा गाण्याचे मूल्यमापन मुद्रणगृहातल्या सिद्ध रूपावरून करणे स्वाभाविकच आहे. स्वतंत्र चित्रपटाच्या बाबतीत मात्र हा क्रम पुष्कळदा उलटा असतो. गाणे आधी कोठेतरी, कोणासाठी तरी गायिले गेलेले असते आणि चित्रपट त्याच्यापाशी नंतर येतो. मग अशा चित्रपटाचा गीतसमूह श्रेष्ठ कशामुळे ठरतो? मुंबईच्या उपनगरांतील शाहिरी परंपरेच्या इतिहासात या प्रश्नाचे एक उत्तर सापडते. ‘गीतसमूह’ हा शब्द येथे केवळ विक्रीस आलेल्या तबकडीपुरता घेतलेला नाही. एका चित्रपटाने एकत्र आणलेली आणि क्रमाने ऐकता येणारी गाणी, एवढाच अर्थ त्याने अभिप्रेत आहे.

२

तुलनेसाठी ‘जैत रे जैत’ (१९७७) या चित्रपटाचा विचार आधी करणे इष्ट ठरेल. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर जब्बार पटेल यांनी हा चित्रपट केला. गीते ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. ठाकर समाजातील नाग्या आणि चिंधी यांची ही कथा. तिच्यातील गाणी कथेला थांबवत नाहीत, उलट समूहाच्या मुखाने ती कथा पुढे नेतात. समांतर चित्रपटांच्या गीतसमूहांत ‘जैत रे जैत’चे स्थान अनन्य आहे आणि चित्रपट न पाहिलेल्या श्रोत्यांपर्यंतही तो पोचला. तथापि येथे ठाकरांचे गाणे ठाकरांच्या गळ्यातून ऐकू येत नाही. महानोरांच्या प्रतिभेने आणि मंगेशकरांच्या रचनाकौशल्याने ते नव्याने कल्पिले आहे, मान्यवर कंठांतून व्यक्त झाले आहे आणि मुद्रणगृहाच्या निर्दोष शांततेत ध्वनिबद्ध झाले आहे. डोंगर, मोहोळ, ढोल हे सारे त्यात आहे, पण प्रतिमांच्या रूपाने. हा या कृतीचा दोष नव्हे, तिचा प्रकार आहे. लोकगीताच्या प्रेरणेतून घडलेली ही कलाकृती आहे आणि तिचे श्रेष्ठत्व या रूपांतराच्या सामर्थ्यात आहे.

दुसरा प्रकार त्याच काळात आकार घेत होता. पण त्याच्याकडे संगीत म्हणून पाहण्याची सवय समीक्षेला नव्हती.

३

घाटकोपरच्या चिरागनगर वस्तीत अण्णा भाऊ साठे यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते. त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, ‘फकिरा’ (१९५९) वाङ्मयेतिहासात स्थिरावली. परंतु लाल बावटा कलापथकातून त्यांनी आणि अमर शेख, गवाणकर यांनी जी शाहिरी उभी केली, तिचे घर रस्ता, चाळीचे पटांगण आणि गिरणीचे दार हेच राहिले. आंबेडकरी जलशांची परंपरा याला समांतर होती. भीमराव कर्डक आणि पुढे वामनदादा कर्डक यांनी तिच्यात विचारप्रबोधन आणि गेयता यांचा जो संयोग घडवला, त्यामुळे गाणे हे सभेचे साधन न राहता सभेचाच एक प्रकार झाले. या गाण्यात श्रोता नुसता ऐकत नाही. तो ध्रुपद उचलतो, टाळी देतो, मध्येच घोषणा करतो. म्हणजे श्रोत्यांचा सहभाग हा या गाण्याच्या संहितेचाच भाग असतो. तो वगळून केलेले ध्वनिमुद्रण कितीही स्वच्छ असले, तरी संहितेच्या दृष्टीने अपुरेच राहते.

१९८० नंतर कॅसेटने ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी मोडली आणि अल्पखर्चात गाणी ध्वनिबद्ध होऊ लागली. भीमगीतांचा प्रसार याच साधनाने वस्तीवस्तीतून झाला. याच दशकात आनंद पटवर्धन यांनी मुंबईतील झोपडपट्ट्यांच्या पाडावावर ‘बॉम्बे : अवर सिटी’ (१९८५) हा माहितीपट केला. त्यात आव्हान नाट्यमंचाचे शाहीर विलास घोगरे यांचे एक हिंदी गीत आहे. कष्टकऱ्यांची व्यथा ते कथनाच्या रूपात सांगते. मराठी शाहिराने हिंदीत गावे, यामागे बहुभाषिक वस्तीशी बोलण्याची गरज उघड दिसते. घोगरे या चित्रपटाचे पार्श्वगायक नव्हेत. ज्यांची घरे पाडली जात होती, त्यांच्याच वर्गातला तो आवाज होता.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातल्याचे पहाटे आढळले. संतप्त रहिवासी पूर्व द्रुतगती मार्गालगत जमले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने केलेल्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर चारच दिवसांनी, १५ जुलै रोजी, विलास घोगरे यांनी गळफास घेऊन जीवन संपवले.

या घटनेपासून पटवर्धन यांनी जे चित्रीकरण आरंभले ते चौदा वर्षे चालले. त्यातून ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा सव्वातीन तासांहून अधिक लांबीचा माहितीपट सिद्ध झाला. त्याच्या नावातच दोन चळवळींमधील नाते आणि ताण एकत्र आले आहेत. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की त्याचा कणा गाण्यांचा आहे. यात गाणी साक्षीपुराव्यासारखी येतात : कोणी गायिली, कोठे गायिली, समोर कोण होते, हे प्रत्येक वेळी दिसते आणि ऐकू येते. ध्वनिवर्धकाची खरखर, लहान मुलांचा गलका, ध्रुपदाला उशिरा मिळालेली साथ यांतले काहीही पुसलेले नाही. संभाजी भगत आणि कबीर कला मंचाच्या शीतल साठे यांच्यापर्यंत येताना ऐकणाऱ्याला एका पिढीकडून दुसरीकडे जाणारी गायनपद्धती उमगते. लक्षात राहते ती कोणा एका गाण्याची चाल नव्हे, तर हे संक्रमण.

घोगरे यांचे १९८५ चे चित्रण या चित्रपटात पुन्हा येते, तेव्हा शब्द तेच असतात, स्वर तोच असतो. परंतु पाडावाविरुद्धच्या लढ्यातले ते गीत आता गायकाच्या मृत्यूनंतर ऐकले जाते. पूर्वी आवाहन म्हणून ऐकलेले गाणे शोकगीत होते. गाणे बदलले नाही, प्रसंग बदलला. हा बदल कळावा यासाठी पहिला प्रसंग जसाच्या तसा जपलेला असावा लागतो. १९८५ मध्ये हेच गीत मुद्रणगृहात, सफाईदार वाद्यवृंदासह पुन्हा गाऊन घेतले असते, तर २०११ मध्ये त्याला ही साक्ष देता आली नसती.

४

या विवेचनावर एक रास्त आक्षेप संभवतो. प्रसंग जपणे हेच मूल्य मानले, तर प्रत्येक कच्चे ध्वनिमुद्रण श्रेष्ठ ठरेल आणि कथापटाला या निकषात जागाच उरणार नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. व्हेनिसच्या महोत्सवात आणि राष्ट्रीय पुरस्कारांत गौरवल्या गेलेल्या या चित्रपटात वृद्ध शाहीर नारायण कांबळे (भूमिका वीरा साथीदार यांची) यांच्यावर खटला भरला जातो. त्यांच्या गाण्याने एका सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केले, असा आरोप असतो. गाणी संभाजी भगत यांची आहेत. म्हणजे आव्हान नाट्यमंचात घोगरे यांचे सहकारी असलेले शाहीर येथे कल्पित शाहिरासाठी गाणी रचतात. प्रसंग रचलेला आहे, पण गीताची जात उसनी नाही.

गाणे येते ते रंगमंचावर, श्रोत्यांसमोर, स्थिर कॅमेऱ्याच्या अखंड दृश्यात. भावना उचलून धरायला ते कोठेही पार्श्वभूमीला वाजत नाही. शिवाय ज्या गाण्यावरून खटला उभा राहतो, ते गाणे प्रेक्षकाला एकदाही ऐकू येत नाही. ऐकलेले गाणे आणि आरोपपत्रातले गाणे यांच्यातील ही फट म्हणजेच चित्रपटाचा आशय आहे. न्यायालयात गाण्याचे शब्द उरतात, सूर, श्रोते आणि प्रसंग गळून पडतात आणि मगच ते गाणे गुन्हा ठरू शकते. भोवती इतरांचे ऐकणेही मांडले आहे : बचावाचे वकील मित्रांसोबत पानगृहात परभाषेतले गाणे ऐकतात, सरकारी वकीलबाई कुटुंबासह मराठी नाटकाला जातात. कोण काय ऐकतो यातून वर्ग आणि जात उलगडत जाते. यावरून दिसते की जपायचा प्रसंग प्रत्यक्षातलाच असावा असे नाही. गाणे कोणी कोणाला म्हटले, हे नाते कृतीत शाबूत असले म्हणजे पुरे.

याउलट नागराज मंजुळे यांच्या ‘फॅन्ड्री’साठी (२०१३) अजय-अतुल यांनी केलेले गाणे प्रसिद्धीसाठी वापरले गेले. चित्रपटात ते नाही. तेथे अलोकनंदा दासगुप्ता यांचे पार्श्वसंगीत आहे. गाणे प्रभावी आहे, पण त्याचे कार्य अग्रदूताचे आहे. स्वतंत्र चित्रपटालाही बाजाराच्या क्रमातून पूर्णतः सुटता येत नाही, हे त्यावरून ध्यानात येते.

५

‘जैत रे जैत’ आणि ‘जय भीम कॉम्रेड’ यांना एकाच पट्टीने मोजणे अन्यायाचे होईल. एकात लोकस्वराचे कलेत रूपांतर होते, दुसऱ्यात कलेकडून लोकस्वराची राखण होते. समीक्षेने पहिल्या प्रकारासाठी भाषा घडवली, दुसऱ्यासाठी अद्याप घडवलेली नाही. त्यामुळे शाहिराचे गाणे ‘चळवळीचे साहित्य’ या सदरात जाते आणि त्याच्या स्वराचा, लयीचा, श्रोत्यांशी चाललेल्या देवाणघेवाणीचा विचार होतच नाही. ज्यांची गाणी चित्रपटात आली, त्यांनाही याची झळ पोचते. त्यांची नोंद पात्र म्हणून होते, रचनाकार म्हणून नव्हे.

स्वतंत्र चित्रपटाचा गीतसमूह श्रेष्ठ ठरतो तो चित्रपटापासून सुटून लोकप्रिय झाल्याने नव्हे, किंवा दृश्याला चपखल बसल्यानेही नव्हे. ऐकताना गाणे कोणाचे, कोणासाठी आणि कोणत्या घडीचे आहे, हे त्यातून पुसले गेलेले नसते, म्हणून तो श्रेष्ठ ठरतो. घाटकोपरच्या इतिहासात या कसोटीचे मोल केवळ सौंदर्यशास्त्रीय राहत नाही. १९८५ मधला तो आवाज त्याच्या श्रोत्यांसह टिकला, म्हणूनच विलास घोगरे हे नाव बळींच्या यादीतले एक न राहता मराठी शाहिरीच्या इतिहासातले एक नाव म्हणून आज वाचता येते.