घरी घडविलेला रंधा

लोखंड आणि लाकूड यांच्या मिलाफातून घडलेल्या रंध्यास ब्रिटनमध्ये कीर्ती मिळवून दिली ती स्कॉटलंडातील एअर गावच्या स्टुअर्ट स्पायर्स यांनी, १८४० च्या सुमारास. लोखंडी तळ व बाजू दाते अडकवून ठोकीत आणि आत शिसवीच्या गोताचे कठीण लाकूड बसवीत. त्या वजनामुळे पाते थरथरत नसे. परंतु तयार रंधा महाग पडे. म्हणून पुष्कळ कारागीर नुसता ओतीव सांगाडा विकत घेऊन, घरी कानशीने घासून, स्वतः लाकूड भरून तो पुरा करीत.

१८३४ पासून मॉरिशसला जाऊन परक्याच्या मळ्यांत राबलेल्या गिरमिटियांच्या वंशजांस यातील मर्म सहज उमजेल: काम दुसऱ्याचे असले, तरी हत्यार आणि कसब स्वतःचे असावे.