डोलकाठीचे कूळ

सिंदी मेघ्याहून समुद्र पाहायला निघायचे तर वर्ध्याला गाडीत बसून मुंबईपर्यंत सुमारे ७५० किलोमीटर जावे लागते. त्यामुळे आमच्याकडच्या मुलांना डोलकाठी हा शब्द आधी भेटतो, वस्तू फार उशिरा. लाटांवर डोलते ती डोलकाठी, असा अर्थ आपोआप लागतो. तो इतका सरळ लागतो की त्यापुढे काही विचारावेसे वाटतच नाही.

पण डोलते ते गलबत. काठीच डोलायला लागली तर खलाशांच्या तोंडचे पाणी पळेल. तिचे काम ताठ उभे राहण्याचे. बुडाशी ती नौकेच्या कण्यावरल्या खाचेत बसवतात आणि वरून दोरांनी ताणून धरतात. अमरकोशात तिला दोन नावे आहेत, कूपक आणि गुणवृक्षक. गुण म्हणजे दोर. दोरांचे झाड! हा शब्द ज्याने घडवला त्याने जहाज जवळून पाहिले असले पाहिजे. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात, समुद्रापासून कितीतरी आत, पाचव्या शतकातल्या चित्रकाराने तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगवून ठेवले आहे. त्या तिन्हींवर उभट, लांबट शिडे आहेत.

कूपक गुजरातीत कूवाथंभ होऊन राहिला. मराठीने दुसराच शब्द उचलला, आणि तो पंडितांकडून नाही, खलाशांकडून. जहाजांवर कोकणी, गुजराती, बंगाली, अरब माणसे एकत्र राबत आणि त्यांची एक मिसळलेली बोली होती. थॉमस रोबक याने १८११ मध्ये कोलकात्यात तिचा कोशच छापला. पुढच्या शिडाला त्या बोलीत तिरकट म्हणत. तो शब्द पोर्तुगीजांचा. आणि डोलकाठी म्हणजे नुसता डोल.

माझा कल असा की हा डोल डोलण्यातला नव्हेच. अरबीत आणि फारशीत डोलकाठीला दकल म्हणतात. आखाती बंदरांशी आपल्या किनाऱ्याचा व्यापार शेकडो वर्षांचा. घोडे आणि खजूर आले तसे खलाशांचे शब्दही आले. दकलचा डोल झाला असावा, आणि त्या अनोळखी डोलला आपल्या लोकांनी ओळखीची काठी जोडली असावी. पावरोटीत तेच झाले आहे. पाव हीच पोर्तुगीजांची रोटी, तरी आपण पुढे रोटी लावतो. आणि काठी म्हणजे मराठीत केवळ म्हाताऱ्याच्या हातातली नव्हे. जोतिबाच्या चैत्र यात्रेतली सासनकाठी पाहावी. उंचच उंच काठी, आणि चहूबाजूंनी दोऱ्या ताणून तिचा तोल सांभाळणारी माणसे. गुणवृक्षकच तो, जमिनीवरचा.

आंग्र्यांच्या काळातल्या गलबतांचे वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने केले आहे. दोन डोलकाठ्या, मागची बारीक. मोठीवर एकच प्रचंड तिकोनी शीड, आणि ते चढवले की त्याचे टोक डोलकाठीच्याही बरेच वर जाई. असले शीड परबाणाला, म्हणजे डोलकाठीवर तिरक्या टांगलेल्या लांबलचक दांड्याला, बांधतात. परबाण जड, आणि वारा बदलला की ते डोलकाठीच्या पुढून फिरवून दुसऱ्या बाजूला न्यायचे. म्हणून आपल्याकडच्या नौकांची डोलकाठी पुढे झुकलेली ठेवत, परबाण तिच्यापासून सुटे लोंबावे यासाठी. लाकूड निवडणे हीच मोठी परीक्षा. सांगाडा सागाचा, पण डोलकाठीला सलग, सरळ, हलका सोट लागे. पश्चिम घाटातल्या, उंडीच्या कुळातल्या उंच झाडांना त्यासाठी फार मागणी होती. इंग्रज त्यांना पून म्हणत.

राहिला दकल. अरबीत त्याचा आणखी एक अर्थ आहे, खजुराची एक हलकी जात. झाड आणि डोलकाठी, दोन्हींना एकच शब्द. आपल्याकडे याच खजुराची रानटी बहीण म्हणजे शिंदी, विदर्भात तिला सिंदी म्हणतात. नाल्याकाठी ती उभी असते, बुंध्याला एकही फांदी नाही, आणि शेंड्याला झावळ्यांचा झुपका वाऱ्यावर फडफडतो.