साहेबाचं घर आणि आपला सारा

मागच्या श्रावणात आम्ही काही निवृत्त मंडळी मुरुडहून नळदुर्गला गेलो होतो. सोबत आमचे एक शेतकरी स्नेही होते. बोरी नदी भरली होती. किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून नर आणि मादी हे दोन्ही धबधबे कोसळत होते. पाणीमहालात बसलं की समोर पाण्याचा पडदाच. हे बांधकाम दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळातलं, १६१३ सालचं.

तिथं कुणीतरी म्हणालं, "या किल्ल्यात मेडोज टेलर साहेब राहायचा." त्यावर आमच्या स्नेह्यांनी विचारलं, "मग सायबाचा पगार कुठून यायचा, सर?"

आजचं व्याख्यान या एका प्रश्नावर आहे.

इंग्लंडमधले जुने जमीनदारी वाडे पाहायला आज लाखो लोक जातात. हिरवळ, तळं, झाडांच्या रांगा, भिंतीवर पूर्वजांच्या तसबिरी. पाहणारा विचारतो, इथं कोण राहत होतं? पण ते घर उभं राहिलं ते कुळांच्या खंडावर, आणि काही घरांत तर वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या श्रमाचाही पैसा होता. म्हणजे घराचा इतिहास विचारायचा तर आधी त्याचा खर्च कोणी सोसला हे विचारावं.

आता नळदुर्ग. फिलिप मेडोज टेलर १८०८ साली लिव्हरपूलला जन्मला आणि कोवळ्या वयात निजामाच्या फौजेत आला. निजामाच्या खर्चानं, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली एक फौज होती, हैदराबाद कंटिन्जंट. तिचा पगार थकत गेला. त्या थकबाकीपोटी १८५३ च्या तहानं वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गचा मुलूख कंपनीच्या कारभाराखाली गेला. टेलर नळदुर्गचा अधिकारी झाला आणि किल्ल्यातच राहू लागला. पगार कुठून यायचा? इथल्याच शेतसाऱ्यातून. आपल्या बापजाद्यांच्या ज्वारीतून, असंच म्हणा ना.

इथं आम्ही थोडं थांबतो, कारण गोष्ट इतकी सरळ नाही. टेलरनं इथल्या जमिनींची मोजणी केली, सारा ठरवण्याला काही रीत आणली, रस्ते केले. इथली भाषा, देवस्थानं, माणसं त्यानं मन लावून समजून घेतली. त्याची 'तारा' ही १८६३ ची कादंबरी तुळजापूरच्या पुजाऱ्याच्या मुलीची आहे. मुलुखावर माया असल्याशिवाय असं लिहिता येत नाही.

मग माणूस चांगला होता की वाईट? आम्हाला वाटतं, प्रश्नच चुकतोय. अधिकारी प्रामाणिक असला म्हणून व्यवस्था न्याय्य ठरत नाही, आणि व्यवस्था अन्यायी म्हणून त्यानं केलेली मोजणी खोटी ठरत नाही. दोन हिशोब वेगळे मांडावे लागतात. आपण मात्र एका आकड्यात बेरीज करून मोकळे होतो. कुणी साहेबाची आरती ओवाळतो, कुणी त्याचं नाव पुसायला निघतो.

१८६० साली नळदुर्गचा मुलूख पुन्हा निजामाकडे गेला. साहेब गेला, पण सारा राहिलाच. तो आदिलशाहाच्या वेळी होता आणि निजामाच्या वेळीही होता. ज्या बंधाऱ्याकडे पाहून आम्ही हरखलो, त्याचे दगडही कुणीतरी डोक्यावर वाहिलेच असतील. त्यांची नावं आपल्याला सांगता येत नाहीत.

मुरुड १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं, तेव्हा ही गोष्ट परक्या गावची नाही. परतताना आमचे स्नेही गाडीत म्हणाले, "म्हणजे सर, घर त्येचं न्हवतंच. आपण दिलेल्या भाड्यावर त्यो राहत हुता."

आम्ही पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. इतकं नेमकं वाक्य आम्हाला सुचलं नव्हतं.